पोरगी आळशी नाही, खोलीत उजेड नाही

मागच्या महिन्यात आम्ही एका वस्तीतल्या विहारात बीपी आणि शुगर तपासायला बसलो होतो. एक ताई आपल्या दहावीतल्या मुलीला हाताला धरून घेऊन आल्या. म्हणाल्या, "जयभीम सिस्टर. हिला जरा तुम्हीच सांगा. रात्री एक वाजेपर्यंत जागी असते, सकाळी आठला पण उठत नाही. शाळेत बाई म्हणतात, तुमच्याकडची मुलं आळशीच. मला मान खाली घालावी लागते."

मुलगी गप्प उभी होती. आम्ही तिला विचारलं, झोपतेस कुठे? तर पोटमाळ्यावर. तिथे खिडकी आहे का? नाही. खालची ट्यूब कधी बंद होते? वडील सेकंड शिफ्टवरून साडेअकराला येतात, जेवतात, मग बारा-सव्वाबाराला. आणि सकाळी? सकाळी माळ्यावर अंधारच. दार उघडलं तरी समोर दीड हातावर दुसऱ्याची भिंत. म्हणजे या मुलीच्या घरी मध्यरात्रीपर्यंत दिवस असतो आणि सकाळी नऊपर्यंत रात्र. तिचं शरीर त्याच हिशोबाने चाललं आहे. यात आळस कुठे आला?

"तुमच्याकडची मुलं" हे दोन शब्द आपल्याला ओळखीचे आहेत. त्यांच्यामागे काय असतं तेही आपण जाणतो. म्हणून या महिन्याच्या पानावर आम्ही औषधांबद्दल न लिहिता उजेडाबद्दल लिहायचं ठरवलं.

शरीरात घड्याळ असतं, हे आपल्या आजीलाही माहीत होतं. गजर न लावता ती पहाटे उठायची. पण हे घड्याळ बाहेरच्या उजेडाने सुरू होतं की आतूनच चालतं, हा प्रश्न जुना आहे. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेरां नावाच्या एका अभ्यासकाने लाजाळूसारखं एक झाड अंधारात कोंडून ठेवलं. ऊन नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत होती आणि रात्री मिटत होती. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच होतं. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांवर याच विषयाचा अभ्यास केला आणि पुढे माणसांनाही घड्याळाशिवाय, बाहेरच्या उजेडाशिवाय बंद खोलीत ठेवून पाहिलं. माणूस अशा खोलीतही झोपतो आणि उठतो, पण त्याचा दिवस हळूहळू सरकायला लागतो. पिकलेल्या केळ्यावर जी बारीक चिलटं येतात, त्यांच्या पेशींमध्ये हे घड्याळ कसं चालतं ते शोधल्याबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. तीच मूळ रचना आपल्यातही आहे.

आता हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नाही, आणि खरी गोम इथेच आहे. बहुतेक माणसांमध्ये ते चोवीस तासांपेक्षा थोडं जास्त असतं, सरासरी दहा-बारा मिनिटांनी. रोज थोडं मागे पडणारं भिंतीवरचं घड्याळ आपण रोज पुढे करतो, तसं या घड्याळालाही रोज कोणीतरी पुढे करावं लागतं. ते काम सकाळचा उजेड करतो. सकाळचा उजेड मिळाला की घड्याळ पुढे सरकतं, त्या रात्री झोप लवकर येते. रात्री उशिरा लख्ख उजेड मिळाला की ते मागे पडतं, झोप उशिरा येते. त्या मुलीला सकाळचा उजेड मिळतच नव्हता, आणि रात्रीचा भरपूर मिळत होता. दोन्ही बाजूंनी घड्याळ मागेच ओढलं जात होतं. त्यात वयात आलेल्या मुलामुलींचं घड्याळ मुळातच उशिराकडे झुकतं, श्रीमंताच्या घरातसुद्धा.

हा उजेड शरीराला कळतो फक्त डोळ्यांतून. अंगावर ऊन घेऊन घड्याळ लागत नाही. डोळ्याच्या पडद्यावर दिसण्याचं काम करणाऱ्या पेशी असतात, त्यांच्याशिवाय आणखी काही पेशी असतात, ज्यांचं मुख्य काम उजेड किती आहे एवढं मेंदूला कळवणं. माणसांसारख्या सस्तन प्राण्यांच्या डोळ्यात या पेशी असतात हे २००२ च्या सुमारास पक्कं झालं. आम्ही नर्सिंगला होतो तेव्हा आमच्या पुस्तकात त्या नव्हत्या. काही अंध माणसांच्या या पेशी शाबूत असतात आणि त्यांना दिसत नसलं तरी त्यांचं घड्याळ बरोबर चालतं. ज्यांच्या त्याही गेलेल्या असतात, त्यांची झोप दर काही दिवसांनी पुढे पुढे सरकत जाते. या पेशींचा निरोप मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याहून लहान अशा एका जागी जातो. तिथे वीस हजारांच्या आसपास पेशी आहेत. शरीराचा मुख्य मुकादम म्हणा. अंधार पडला की तो मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडायला लावतो, म्हणजे शरीराला "रात्र झाली" अशी वर्दी जाते. पहाटे उठायच्या आधी कॉर्टिसोल वाढवतो. अंगाचं तापमान, रक्तदाब, साखर, भूक, सगळ्यांना त्याच्याकडूनच वेळ मिळते.

इथे लोक आम्हाला म्हणतात, "सिस्टर, घरात ट्यूबलाइट आहे ना, मग उजेड नाही कसा?" आपला डोळा इथे आपल्याला फसवतो. बाहुली लहानमोठी होते, त्यामुळे घर आणि अंगण यांतला फरक आपल्याला फार वाटत नाही. उजेड लक्स या मापाने मोजतात. एका ट्यूबच्या खोलीत शंभर ते दोनशे लक्स उजेड असतो. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स असतो. झाडाच्या सावलीत दहा हजारांच्या आसपास, आणि भर उन्हात एक लाखापर्यंत. दिवसभर ट्यूबखाली बसलेला माणूस शरीराच्या दृष्टीने संधिप्रकाशातच बसलेला असतो. आणि रात्री मात्र त्याच ट्यूबचा आणि डोळ्यापाशी धरलेल्या मोबाइलचा उजेड झोप लांबवायला पुरतो. दिवसा अपुरा आणि रात्री जास्त, अशी आपल्या बहुतेक घरांची स्थिती आहे.

एक गैरसमज काढायला हवा. हे व्हिटॅमिन डी नव्हे. व्हिटॅमिन डी त्वचेवर थेट ऊन पडल्याने तयार होतं आणि खिडकीच्या काचेतून ते होत नाही. घड्याळाचं काम मात्र काचेतून आलेल्या उजेडानेही होतं, सावलीत बसूनही होतं. म्हणून गरोदर बाईला, म्हाताऱ्या माणसाला उन्हात तापत बसायची गरज नाही. दाराबाहेर, गल्लीच्या तोंडाशी, सावलीत खुर्ची टाकून बसलं तरी चालतं. सूर्याकडे टक लावून तर कोणीच बघायचं नाही.

आता थोडं आपल्याच घरातलं बोलू. काहींना आवडणार नाही.

१४ एप्रिलच्या सुमाराला विहारांत, अभ्यासिकांत, विद्यापीठांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. आम्हीही त्यात बसलेलो आहोत आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. वर्षातून एक दिवस बाबासाहेबांना असं अभिवादन करण्याला आमचा काहीच विरोध नाही. पण त्या एका दिवसातून वर्षभराची सवय निघाली आहे. "बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, तू आठ तास झोपतोस?" असं आईबाप मुलांना सुनावतात. मुलं रात्री दोन-दोनपर्यंत जागतात, हातात मोबाइल, त्यात अर्धा अभ्यास आणि अर्धं भलतंच. सकाळी वर्गात डोळे मिटतात.

चरित्रकारांनी नोंदवून ठेवलेली एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण नीट ऐकलेली नाही. परळच्या चाळीत एकच खोली होती. त्या गर्दीत अभ्यास होणं शक्य नव्हतं. म्हणून सुभेदार रामजी बाबासाहेबांना संध्याकाळी लवकर झोपायला लावायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोनला त्यांना उठवायचे. मग खोली शांत असताना दिव्याखाली अभ्यास व्हायचा. यात सुभेदारांनी आधी काय दिलं ते बघा. आधी झोप दिली. रात्री अभ्यास करायचा म्हणून झोप चुकवली नाही. दोनला उठणं आम्ही आजच्या मुलांना सांगणार नाही, घड्याळाच्या दृष्टीने ते चांगलं नाही, आणि ती वेळ त्यांनी हौसेने निवडलेली नव्हती. एका खोलीच्या घराने ती त्यांच्यावर लादली होती. शंभर वर्षांहून जास्त काळ गेला आणि आपली मुलं अजून एकाच खोलीत आहेत, हे खरं दुखणं. दहावी-बारावीच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं झोपेतच पक्कं होतं. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

मुलांचं निदान घरात सांगून होईल. रात्रपाळीचं काय करायचं, ते घरात ठरत नाही.

रात्रीची कामं कोणाच्या वाट्याला येतात हे मोजायला आपल्या वस्तीत वेगळा सर्व्हे लागत नाही. वॉचमन, हॉस्पिटलातल्या आया आणि वॉर्डबॉय, कचऱ्याच्या गाड्यांवरची माणसं, मॉलच्या फरशा पुसणाऱ्या बाया. आम्ही स्वतः बरीच वर्षं नाइट ड्युटी केली आहे. पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट असते. अंगाचं तापमान तेव्हा सर्वांत खाली गेलेलं असतं, डोळे उघडे असतात पण डोकं चालत नाही. एकदा त्या वेळेला आमच्या हातून औषधाचा डोस दुप्पट भरला गेला. शेजारच्या बेडपाशी उभ्या असलेल्या मावशीने "सिस्टर, एवढं द्यायचं असतं का?" असं विचारलं, म्हणून तो पेशंट वाचला. मावशी शिकलेली नव्हती. सकाळी मेमो मिळाला आम्हाला. सलग सातवी नाइट कोणी लावली हे कोणी विचारलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा तपासून २०१९ साली, रात्रपाळीच्या कामाला "कर्करोग होण्यास बहुधा कारणीभूत" अशा गटात टाकलं आहे. घाबरून जाऊ नका. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असा नाही. संबंध असण्याची बरीच शक्यता आहे, असा त्याचा अर्थ. मधुमेह, वाढतं वजन आणि हृदयविकार यांचाही रात्रपाळीशी संबंध पुन्हा पुन्हा दिसलेला आहे. त्याचं एक कारण जेवणात आहे. तोच डबा दुपारी खाल्ला आणि रात्री दोनला खाल्ला, तर रात्री रक्तातली साखर जास्त चढते, कारण शरीराने रात्र धरलेली असते. रात्रपाळीवाल्यांनी मुख्य जेवण ड्युटीवर जाण्याआधी करावं, मध्यरात्रीनंतर थोडंच खावं.

यावर कोणी म्हणेल, पौर्णिमेला अष्टशील घेऊन आपण दुपारनंतर जेवत नाही, म्हणजे भगवंतांना हे सगळं आधीच माहीत होतं. असं म्हणू नये. ते शील संयमासाठी आहे. विज्ञानाची प्रत्येक गोष्ट आपल्या ग्रंथात आधीच होती असं सांगणाऱ्यांना आपण हसतो, मग तेच आपण करायचं नाही. आणि ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपोसथाचा उपवास धरू नये. रात्रपाळी करत असाल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा, गोळ्यांची वेळ त्यावरून ठरते. बहुतेक डॉक्टर विचारत नाहीत.

नाइट करून आलेल्या माणसाचं घरी काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. सकाळच्या लख्ख उजेडातून तो घरी येतो, घड्याळ म्हणतं दिवस सुरू झाला. वर पत्रा तापलेला, खाली पोरांचा आवाज. मग झोप यावी म्हणून क्वार्टर येते. दारूने डोळा लागतो खरा, पण झोप मोडत मोडत येते, आणि महिन्याभरात माणूस झोपेसाठी नव्हे, दारूसाठीच पितो. अशा घरांना आम्ही एवढंच सांगतो, की डोक्याशी जाड काळं कापड किंवा जुनी गोधडी लावून अंधार करा. घरी येताना टोपी, काळा चष्मा घाला, पण गाडी चालवत असाल तर आधीच झोप आलेली असते, तेव्हा चष्मा नको. दुपारपर्यंत त्याला उठवू नका, मग पाहुणे आलेले असोत की गॅसवाला. आणि झोपेच्या गोळ्या, मेलाटोनिनच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका.

पण हे घरातल्या गोधडीने सुटण्यासारखं नाही. सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी पाळी पुढे सरकली तर शरीराला सोसते. रात्र, मग दुपार, मग सकाळ अशी उलटी फिरवली तर त्रास जास्त होतो. हे ठेकेदाराला सांगायला खर्च येत नाही, फक्त युनियनने मागावं लागतं. बोनसची मागणी करताना पाळीच्या चक्राची मागणी पत्रात का नसते? बाबासाहेब मजूर मंत्री असताना कारखान्यातल्या कामाचे तास कमी करण्याचं विधेयक आणलं गेलं आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. कामगाराच्या वेळेचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. आज बारा तासांची वॉचमनची ड्युटी आपण नशीब म्हणून घेतो.

राहता राहिलं घर. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींबद्दल 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये अहवाल दिला. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर, खालच्या मजल्यांवर ऊनही नाही आणि हवाही नाही, आणि तिथल्या टीबीचा या रचनेशी संबंध आहे, असं त्यातून पुढे आलं. टीबी हा एक भाग झाला. जिथे ऊन पोहोचत नाही तिथे माणसाचं घड्याळही लागत नाही. झोपडी गेली, पक्कं घर मिळालं, आणि दिवसा बारा वाजता ट्यूब लावावी लागते, याला पुनर्वसन म्हणायचं का? आपल्या लोकांनी घर मागितलं ते किती फुटांचं एवढंच विचारून. आता पुनर्विकासाच्या बैठका वस्त्यावस्त्यांत सुरू आहेत. बिल्डरचा माणूस टाइल्स दाखवतो, लिफ्ट दाखवतो. त्याला विचारा, दोन बिल्डिंगमध्ये अंतर किती? पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर उजेड किती वाजता येणार आणि किती वाजता जाणार? खिडकी बाहेर उघडते की पॅसेजमध्ये? नकाशा मागा, आणि आपल्या वस्तीत जो कोणी इंजिनिअर झाला असेल त्याला तो घेऊन बसवा.

तोवर जे हाताशी आहे ते करायचं. उठल्यावर पहिल्या तासाभरात, निदान अर्धा तास, घराबाहेर. पाणी भरताना मिळतो तो उजेड चालतो, दूध आणायला जाताना मिळतो तोही चालतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची खाट दिवसा दाराशी आणा. तान्ह्या बाळाला दिवसा उजेडात आणि रात्री अंधारात ठेवा. दोन-तीन महिन्यांत त्याचं घड्याळ लागायला लागतं आणि आईलाही झोप मिळते. झोपण्याआधी तासभर मोठी ट्यूब बंद करून लहान पिवळा दिवा लावा. पत्र्याचं घर असेल तर छपरात एक पारदर्शक पत्रा बसवा. ब्राझीलमधल्या मोझर नावाच्या एका मेकॅनिकने २००२ साली प्लास्टिकच्या बाटलीत पाणी आणि थोडं ब्लीच भरून ती छपरातून अर्धी बाहेर काढली, तर दिवसा विजेच्या दिव्याइतका उजेड घरात आला. पुढे कितीतरी देशांतल्या झोपड्यांत लोकांनी त्या बाटल्या बसवल्या. भोकाभोवती नीट सील केलं नाही तर पावसाळ्यात गळतं, तेवढं बघा.

त्या दहावीतल्या मुलीच्या घरी आम्ही दोनदा जाऊन आलो. पोटमाळ्यावरचा एक पत्रा वडिलांनी बदलला. तिचं अंथरूण आता त्याखाली असतं. ती रोज लवकर उठते असं नाही, रविवारी अजून नऊ वाजतात. पण आठवड्यातले चार दिवस साडेसहाला उठते, आणि शाळेत जाऊन तिच्या आईने त्या बाईंशी बोलणं केलं, ते जास्त महत्त्वाचं.

तिथल्या विहाराच्या अभ्यासिकेचा प्रश्न मात्र बाकी आहे. ती रात्री एकला बंद होते आणि सकाळी नऊला उघडते. आम्ही म्हटलं, रात्री दहाला बंद करा आणि पहाटे साडेपाचला उघडा, पूर्वेकडच्या दोन्ही खिडक्यांसमोरची कपाटं हलवा. कमिटीतल्या तरुणांना पटलं, जुन्या कार्यकर्त्यांना वाटतं मुलं पहाटे यायची नाहीत. एक महिना करून बघायचं ठरलं आहे. पहाटेची चावी कोणाकडे राहणार, यावर येत्या रविवारी वंदनेनंतर बैठक आहे.